बॅटरीवर गुन्हा दाखल

जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला गुन्हा बॅटरीवर दाखल होतो. पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही. मालकानं किल्ली फिरवली, बॉनेटखालून ‘टक्’ एवढाच आवाज आला, की अंगणात उभे असलेले सगळे एकमुखानं निकाल देतात, "बॅटरी गेली!" त्यात गाडीतलं कळणारा एखादा असतो, न कळणारे तिघं असतात, आणि रतीब घालायला आलेला दूधवालाही आपलं मत नोंदवूनच पुढच्या घरी जातो. बॅटरी निघते, नवी येते, गाडी एका झटक्यात सुरू होते, पेढे वाटायचेच काय ते राहतात. पंधरवड्यानं नवी बॅटरीही त्याच कलमाखाली आत.

सोलापूर जिल्ह्यातलं वेळापूर हे अशा खटल्यांना फार सोयीचं गाव आहे. माळशिरस तालुका, पंढरपूरची वाट, अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ, आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि चोहीकडे ऊस. उसाच्या मुलखात घराशेजारी पत्र्याची एक शेड असतेच, आणि त्या शेडीत कुठल्या तरी बऱ्या हंगामाच्या बिलावर आलेली गाडी उभी असते. कुठे ॲम्बॅसडर, कुठे प्रीमियर पद्मिनी, कुठे महिंद्राची जीप. ती विकायची नसते, कारण वडिलांनी घेतलेली असते. वापरायचीही नसते, कारण सुरू होत नाही.

त्यातली पद्मिनी तर जिल्ह्याच्या नात्यातली. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि तिथून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. नीरा नदीपलीकडचं वालचंदनगरही त्यांचंच. मुंबईत शेवटी नोंदवलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी थोरामोठ्यांसारखे मृत्युलेख छापले. शेडमधल्या पद्मिनीनं मात्र ती बातमी मनावर घेतलेली नाही. ती निवृत्त होत नाही, फक्त सुरू होत नाही.

सेल्फ मारून गाडी सुरू करण्याची चैन मुळात १९१२ ची. चार्ल्स केटरिंगनं बसवलेला विजेचा स्टार्टर त्या साली कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी पुढून हँडल मारायचं, आणि हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट गळ्यात बांधून घरी जायचं. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीनं हे हँडल पुढेही कित्येक वर्षं सोबत वागवलं. सेल्फवर आपला पूर्ण भरवसा नाही, हे कंपनीनं इतक्या सभ्यपणे मान्य केल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आता बॅटरीची बाजू. सगळी भरलेली बॅटरी न वापरता उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना ती साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर तिच्या टर्मिनलवर पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा यावा. ही तीन मापं घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि एक मीटर लागतो. पण मीटर आणायला कुणाला तरी पाठवावं लागतं, आणि मत तर प्रत्येकाच्या खिशात असतंच.

मीटरशिवायही एक फुकटची चाचणी आहे. हेडलाइट लावायचे आणि सेल्फ मारायचा. दिवे एकदम विझल्यासारखे झाले तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा अडकलेला सेल्फ यांची चौकशी करायची. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ गप्प बसला, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, म्हणजे सोलेनॉइड पाहा, किल्लीकडून येणारी वायर पाहा. एवढं साधं असूनही ही चाचणी सहसा होत नाही, कारण तोवर दोघं जण बॅटरी काढायला वाकलेले असतात.

या सगळ्यात पाहिला जात नाही तो परतीचा रस्ता. बॅटरीतून निघालेला करंट काम करून बॅटरीत परत यावा लागतो, आणि जुन्या गाडीत परत येण्यासाठी वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो. म्हणजे निम्मं वायरिंग हा पत्राच. तो गंजला, रंगवला, त्याच्यावर डांबरासारखा काळा लेप मारला, की निम्मं वायरिंग गेलं. त्यात इंजिन बसवलेलं असतं रबरी गुटक्यांवर, हादरे लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी खाली कुठे तरी असते. चिखलात, ऑइलात, कुणाच्या नजरेला न येता ती तिथे वर्षानुवर्षं लोंबकळते. इंजिन उतरवलेला एखादा मेकॅनिक ती परत लावायला विसरला, तरी त्या दिवशी कुणाला काही कळत नाही.

कळतं ते सेल्फ मारल्यावर, आणि फार नाट्यमय रीतीनं. सेल्फ एका वेळी दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, तर दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ. हे दोनशे अँपिअर इंजिनातून बॅटरीकडे परत जायला निघतात, पट्टी तुटलेली असते, मग ते मिळेल त्या वाटेनं जातात. इंजिनाला आणि बॉडीला जोडणारं धातूचं दुसरं काय उरलं? चोकची तार. डॅशबोर्डवरची चोकची मूठ गरम होते, तिच्या नळीतून धूर निघतो, आणि मालकाच्या हाताला चटका बसतो. चोक ओढल्यावर धूर निघाला म्हणजे बिघाड कार्बोरेटरात, असा सरळ निष्कर्ष निघतो. कार्बोरेटर उघडला जातो. कार्बोरेटर उघडून त्याचे जेट फुंकणं हा आपल्याकडे सर्व आजारांवरचा प्राथमिक उपचार आहे, त्यामुळे कुणी हरकतही घेत नाही.

पट्टी पूर्ण तुटली नाही आणि नुसती गंजली, तर प्रकरण आणखी गोंधळाचं. ओहमच्या एका शंभराव्या भागाएवढा अडथळा कुठल्याही साध्या मीटरवर शून्यासारखाच दिसतो. पण त्यातून दोनशे अँपिअर जाताना दोन व्होल्ट तिथल्या तिथे जळून जातात. बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेला पांढरा-निळा थर हेच करतो. गरम पाणी, खायचा सोडा, लोखंडी ब्रश आणि वरून व्हॅसलिन, एवढ्यावर बरा होणारा आजार. तरी नवी बॅटरी घेतली जाते. आणि नवी बॅटरी बसवताना टर्मिनलं आपोआप घासली जातात, गाडी सुरू होते, आणि जुनी बॅटरी दोषी होती हे कायमचं सिद्ध होतं. ती भंगारात जाते, चांगली असताना.

हे झाले वाट बंद होण्याचे आजार. शॉर्ट सर्किट याच्या बरोबर उलट, तिथे वाट नको तेवढी मोकळी होते. वेळापूरच्या देवळात शिव आणि पार्वती एकाच देहात नांदतात. बॅटरीचे प्लस आणि मायनस तसे नांदत नाहीत. मध्ये बल्ब, मोटर, हॉर्न असं काही तरी ठेवलं तरच त्यांचा संसार चालतो, नाहीतर थेट भेट झाल्याबरोबर धूर.

हॉर्नचंच घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट कायमचा दिलेला असतो. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की त्याची वायर बॉडीला टेकते आणि हॉर्न वाजतो. ही वायर स्टिअरिंगच्या नळीतून वर येते, आणि चाळीस वर्षं वळणं घेऊन घेऊन तिचं कापड झिजतं. मग एके रात्री ती आपणहून पत्र्याला टेकते. गाडीत कुणी नाही, किल्ली घरात खुंटीला, आणि रात्री दोन वाजता शेडमधून अखंड हॉर्न. शेजारी जागे होतात, कुत्री जागी होतात, कुणी भुताखेताचा विषय काढतो. पाना सापडेपर्यंत बॅटरीचं टर्मिनल निघत नाही, आणि पाना डिकीत असतो, आणि डिकीची किल्ली पुण्याला गेलेल्या मुलाकडे असते.

फ्यूज असतो तो थेट शॉर्ट थांबवण्यासाठीच. पण ब्रिटिश घराण्यातल्या त्या काळच्या गाड्यांत, म्हणजे ॲम्बॅसडर जिच्यावरून आली त्या मॉरिस ऑक्सफर्डसारख्या गाड्यांत, फ्यूज सगळे मिळून दोन. हेडलाइटला फ्यूज नाही, किल्लीला नाही, सेल्फच्या जाड केबलला तर प्रश्नच नाही. आणि जे दोन होते त्यांच्या जागी आपल्या लोकांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. फ्यूज वारंवार उडतो, म्हणून न उडणारा फ्यूज बसवला. या तर्कात खोट काढता येत नाही. चांदी शाबूत राहते आणि वायरिंग जळतं, एवढाच काय तो फरक.

मूळ वायरिंगला रंगांची शिस्त होती. बॅटरीकडून येणारी कायम जिवंत वायर तपकिरी, किल्लीनंतरची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी किंवा जांभळी, बॉडीला जाणारी काळी. कंपनीनं लावलेली ही शिस्त पहिल्या वायरमनपर्यंत टिकते. त्यानं जोड दिला तो लाल वायरचा, कारण दुकानात लालच होती. दुसऱ्यानं टेपरेकॉर्डर बसवला, लाल वायर. तिसऱ्यानं लग्नाच्या वरातीसाठी पुढे हॅलोजन लावले, रिले न घालता, जवळची वायर सोलून, टेप गुंडाळून. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या पुढे गेला की बॉनेटखाली त्या टेपचा डिंक वितळतो आणि टेप उलगडून आपल्या घरी जातो. उरलेलं काम उंदीर करतात. ऊस तुटला, रान मोकळं झालं की ते वस्तीकडे वळतात, आणि शेडमध्ये महिनोन्‌महिने न हलणाऱ्या इंजिनाएवढी सुरक्षित जागा त्यांना कुठे मिळणार? त्यांच्यावर उपाय म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानाची पुडी बांधतात. उंदीर किती जातात कोण जाणे, पण वायरमन दर वेळी त्यातली चिमूट घेतो.

खरा वायरमन येतो तो हातात एक बल्ब घेऊन. साधा इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. तो बॅटरीचं बॉडीकडचं टर्मिनल काढतो आणि ते टर्मिनल व बॅटरीचा खुंट यांच्या मध्ये हा बल्ब लावतो. सगळे स्विच बंद, दारं बंद. कुठेच काही चालू नाही, तर बल्ब विझलेला राहायला हवा. लख्ख पेटला तर कुठे तरी सरळ शॉर्ट आहे. मिणमिणला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज काढायचा, एकेक वायर सोडवायची. जी वायर सोडवताच बल्ब विझेल, त्या वायरीवर चोर.

उन्हात मिणमिणता बल्ब दिसत नाही, म्हणून वायरमन डोक्यावरून टॉवेल घेतो आणि बॉनेटमध्ये शिरतो. बाहेर फक्त पाठ आणि चपला. भोवती मंडळी. मंडळींना शांत बसवत नाही. कुणी सांगतो, डायनामो बघा. कुणी सांगतो, आमच्या जीपला असंच झालं होतं, शेवटी पेट्रोलमध्ये कचरा निघाला. टॉवेलखालून हुंकार येतो. आणि एकाएकी बल्ब भडकतो.

"सापडलं!" टॉवेल उडतो. कुठली वायर हलली म्हणून हा पेटला? वायर कुठलीच हललेली नसते. मागे घरातल्या आबांनी गाडीत जरा टेकावं म्हणून दार उघडलेलं असतं, आणि दाराबरोबर छताचा दिवा लागलेला असतो.

"आबा, दार लावा बरं."

"मी काय केलं? मी नुसता बसलोय."

"बसा की, पण दार लावून बसा."

आबा दार लावतात, बल्ब पुन्हा मिणमिणतो, शोध पहिल्यापासून सुरू. शेवटी चोर निघतो तो बहुधा डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या भोकाशी. वायरींचा जुडगा जिथून इंजिनकडे जातो त्या भोकात एक रबरी कडी असते. ती वाळून पडून गेलेली असते, आणि पत्र्याच्या धारेनं एका वायरीचं कापड कातरलेलं असतं. गाडी सपाटीला उभी असताना ती वायर जेमतेम टेकते, खड्ड्यात मात्र घट्ट टेकते. म्हणून गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते आणि फाट्यावर आली की बंद पडते. कधी कधी शॉर्टही नसतो. कुणी तरी हौसेनं डिकीत लावलेला पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावर विझतच नसतो. पाच वॅट म्हणजे अर्ध्या अँपिअरहून कमी, पण दिवसाला दहा अँपिअर-तास. पंचेचाळीसची बॅटरी चार-पाच दिवसांत कोरडी. झाकण लावल्यावर आतला दिवा जळतो की नाही हे पाहायला आत माणूस बसवावा लागतो, आणि या प्रयोगाला घरातलं पोर नेहमीच तयार असतं.

चार्जिंगचा भाग आला की गावातलं शास्त्र दोन पिढ्यांत विभागलं जातं. जुन्या गाड्यांना डायनामो, नंतरच्यांना अल्टरनेटर. डायनामोवाली पिढी एक परीक्षा छातीठोकपणे घेते. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीचं टर्मिनल उपसायचं. गाडी चालूच राहिली तर डायनामो ठणठणीत. हीच परीक्षा अल्टरनेटरच्या गाडीवर घेतली की बॅटरीचा आधार सुटल्याबरोबर व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जळतात. परीक्षेआधी अल्टरनेटर चांगला होता, हे मग सिद्ध करता येत नाही.

डायनामोचंही एक दुखणं आहे. त्याच्या कटआउटचे, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनामोलाच मोटर समजून करंट देत बसते. पट्ट्यानं बांधलेला डायनामो फिरू शकत नाही, नुसता तापतो. किल्ली काढल्यावरही अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जला पडलेला दिसला, तर टर्मिनल आधी काढायचं आणि चर्चा नंतर करायची. अल्टरनेटरला वेगळा नखरा. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा नुसता शोभेचा नसतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला जागा करतो. दोन वॅटचा तो बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि मालक खूश की लाल दिवा आता लागत नाही.

काही ब्रिटिश गाड्यांनी तर प्लसच बॉडीला जोडला होता. अशा गाडीला नव्या पोरानं मायनस बॉडीला लावून बॅटरी बसवली, तर सेल्फ तरीही सरळच फिरतो, कारण त्याच्या आतल्या दोन्ही गुंडाळ्या एकदमच उलटतात. गाडी सुरू होते. अँपिअर मीटर मात्र उलटं बोलू लागतो. विलायतेत या गाड्यांचं विजेचं सामान बहुधा लुकास कंपनीचं असे, आणि तिकडच्या गाडीवाल्यांनी जोसेफ लुकासला अंधाराचा राजकुमार ही पदवी देऊन टाकली होती. इंग्रज कोमट बिअर पितात कारण त्यांचे फ्रीजही लुकासचे, असाही एक विनोद आहे. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या लुकास-टीव्हीएसनं हे सामान बनवलं. लोकांनी पदव्या वगैरे दिल्या नाहीत, थेट धक्का द्यायला सुरुवात केली.

धक्क्याचंही शास्त्र आहे. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी पळायला लागली की क्लच सोडायचा. डायनामोच्या लोखंडात थोडी चुंबकशक्ती उरलेली असते, त्यामुळे बॅटरी पार बसलेली असली तरी धक्क्यावर तो कसाबसा करंट काढतो. अल्टरनेटरला जागं व्हायला आधी बॅटरीतला थोडा तरी करंट लागतो. बॅटरी साफ मेली असेल तर पंढरपूरपर्यंत ढकलली तरी तो उठणार नाही. वेळापूरला ढकलणाऱ्यांची सोय निसर्गानंच केली आहे. पालखी गावाजवळ येते तेव्हा वारकरी ज्या उतारावरून धावा करत येतात, तो उतार. तुकोबांना इथल्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी त्यामागची श्रद्धा. उतार तोच, पण ॲम्बॅसडरमागे धावणाऱ्यांच्या तोंडी देवाचं नाव वेगळ्या भावनेनं येतं.

सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. शेडमधल्या गाड्या ही अट नियम निघण्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आहेत.

राहतं बिल. अर्धा दिवस टॉवेलखाली काढून वायरमननं तुटकी पट्टी शोधलेली असते. नव्या पट्टीची किंमत किरकोळ. "पट्टीचे एवढे, आणि शोधायचे एवढे," असं म्हटलं की मालकाचा चेहरा पडतो. शोधायचे कसले पैसे? पट्टी तर गाडीतच होती, ती काही हरवली नव्हती. नवी बॅटरी घेताना याच मालकानं घासाघीसही केलेली नसते, कारण तिथे हातात वजनदार डबा आला होता, वर कार्ड होतं, कार्डावर शिक्का होता. वायरमनला हा स्वभाव ठाऊक असतो. तो जुनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात देतो, एक कटआउट बदलून टाकतो, आणि बिलावर कटआउटच्या नावानं सगळी मजुरी लावतो. मालक कटआउटची किंमत दोन रुपयांनी कमी करून घेतो आणि समाधानानं पैसे मोजतो.